‘हेल्थ इन्शुरन्स : कव्हर्ड’ एवढ्या एका ओळीवर माणसं नेदरलँड्सला पाठवू नका

नेदरलँड्सला कर्मचारी पाठवणाऱ्या पुणे, मुंबई, बंगळुरू आणि हैदराबाद इथल्या आयटी कंपन्यांच्या एचआर आणि मोबिलिटी विभागांना,

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी एका कंपनीकडून इथे आलेल्या आणखी एका मराठी जोडप्याला नुकतंच ‘सीएके’ या सरकारी संस्थेचं पत्र आलं. तुम्ही सक्तीचा आरोग्य विमा घेतलेला नाही, तीन महिन्यांत घ्या, नाहीतर दंड होईल, असं त्यात डचमध्ये लिहिलेलं होतं. दोघं हादरून गेले होते. निघताना कंपनीने दिलेल्या तक्त्यात घरभाडं, टॅक्स, विमानाचं तिकीट सगळं होतं आणि हेल्थ इन्शुरन्सपुढे ‘कव्हर्ड’ एवढा एकच शब्द होता. त्या शब्दावर विसंबून ते निर्धास्त होते.

मी आमस्टरडॅमजवळच्या आमस्टलफेनला राहते. अशाच एका कंपनीच्या बदलीवर इथे आले आणि राहिले. नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांना सरकारी पत्रं वाचून दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं आहे. घरं बदलतात, कंपन्या बदलतात, तक्रार मात्र तीच असते. एकेका एचआरला ईमेल पाठवून हे सुटत नाही, उत्तर येतं ते ‘आम्ही टीमला कळवलं आहे’ एवढंच. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ज्यांच्या हातात उद्या असा तक्ता पडणार आहे, त्यांनीही ते वाचावं.

तुम्ही माणसांना ज्या व्यवस्थेत पाठवता ती आपल्या ग्रुप मेडिक्लेमसारखी नाही, हे आधी समजून घ्या. १ जानेवारी २००६ रोजी इथे नवा आरोग्य विमा कायदा लागू झाला. त्याआधी ठरावीक उत्पन्नाखालच्या लोकांसाठी, म्हणजे साधारण दोन तृतीयांश जनतेसाठी, वेगळे आजारनिधी होते आणि वरच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी खासगी विमा. २००६ मध्ये ही भिंत पाडली. तेव्हापासून इथे राहणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मूलभूत पॉलिसी घ्यावीच लागते. पॉलिसी विकणाऱ्या कंपन्या खासगी आहेत. त्यातले चार मोठे गट, आख्मेया, व्हीजीझेड, सीझेड आणि मेंझिस, बाजाराचा फार मोठा भाग सांभाळतात. पण त्या पॉलिसीत काय असावं हे कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. फॅमिली डॉक्टर, रुग्णालय, बाळंतपण, बहुतेक औषधं, मानसिक आजारांवरचे उपचार हे सगळं कायद्याने त्यात येतं.

आणि कंपनीला कोणाला नाही म्हणता येत नाही. वय, जुना आजार, झालेली शस्त्रक्रिया यातलं काहीही विचारून मूलभूत पॉलिसी नाकारता येत नाही किंवा हप्ता वाढवता येत नाही. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी ऐंशी पार केलेल्या आहेत, हृदयाच्या गोळ्या घेतात. त्यांची आणि माझी पॉलिसी एकाच कंपनीची, एकाच प्रकारची. आमचा हप्ताही एकच. हे परवडतं कसं, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. उत्तर पडद्यामागच्या पैशांत आहे. प्रत्येक मालक पगाराच्या ठरावीक टक्के रक्कम, २०२५ मध्ये ६.५१ टक्के, एका कमाल पगारापर्यंत, केंद्रीय निधीत भरतो. ज्या विमा कंपनीकडे म्हातारी आणि आजारी माणसं जास्त, तिला त्या निधीतून जास्त पैसे मिळतात. त्यामुळे आजारी माणूस टाळण्यात कंपनीचा फायदा उरत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांचा हप्ता सरकार भरतं. कमी उत्पन्न असलेल्यांना दरमहा भत्ता मिळतो. मला ही व्यवस्था मनापासून न्याय्य वाटते. तिच्यातही दोष आहेत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आमस्टरडॅमचं स्लोटरफार्ट आणि लेलिस्टाटकडचं आयसलमेर ही रुग्णालयं दिवाळखोरीत गेली, सरकारने हात घातला नाही आणि रुग्णांना घाईघाईने दुसरीकडे हलवावं लागलं. तरीही मूळ तत्त्व भक्कम आहे. माझी तक्रार या व्यवस्थेबद्दल नाही. तिच्याबद्दल एक अक्षर न सांगता माणसांना विमानात बसवणाऱ्या तुमच्या गप्प राहण्याबद्दल आहे.

पहिली तक्रार. इथे विमा घेण्याची जबाबदारी मालकाची नाही, त्या माणसाची स्वतःची आहे. मालक निधीत पैसे भरतो म्हणून कोणी आपोआप विम्यात येत नाही. पॉलिसी स्वतः निवडायची, स्वतः अर्ज करायचा, हप्ता स्वतःच्या बँक खात्यातून द्यायचा. त्यासाठी चार महिने मिळतात. या मुदतीत घेतली तर विमा पहिल्या दिवसापासून लागू धरतात आणि हप्ताही पहिल्या दिवसापासून वसूल करतात. मूलभूत पॉलिसीचा हप्ता २०२५ मध्ये माणशी दरमहा दीडशे युरोंच्या पुढेमागे होता. चौथ्या महिन्यात जाग आलेल्या जोडप्याला बाराशे युरोंच्या आसपास एकदम भरावे लागतात. घराचं डिपॉझिट देऊन खातं रिकामं झालेलं असतं, त्यात हे. आणि चार महिने उलटून गेले तर आणखी वाईट, कारण मग विमा अर्जाच्या दिवसापासूनच सुरू होतो. मधल्या काळात सायकलवरून पडून हात मोडला असेल तर ते बिल तुमच्या कर्मचाऱ्याच्या खिशातून जातं. त्यानंतर सीएकेचं पत्र, तीन महिन्यांनी तीन मासिक हप्त्यांइतका दंड, पुन्हा तीन महिन्यांनी तेवढाच दुसरा, आणि तरीही विमा घेतला नाही तर सीएके स्वतःच एखाद्या कंपनीत नाव घालून हप्ता वळता करून घेतं. पत्र डचमध्ये असतं. नवख्या माणसाला ती एखादी जाहिरात वाटते आणि तो ते बाजूला ठेवतो.

दुसरी. आपल्याकडे एका नोकरीवर नवरा, बायको, मुलं, कधी आईवडीलही विम्यात येतात. तुमच्या तक्त्यातला ‘फॅमिली कव्हर्ड’ हा शब्द याच सवयीतून आलेला आहे. इथे फॅमिली पॉलिसी नावाचा प्रकार नाही. मी नोकरीवर आले तेव्हा माझ्या नवऱ्याला इथे काम नव्हतं, तरी त्याची पॉलिसी वेगळी आणि हप्ता पूर्ण. मुलांना हप्ता नाही, पण त्यांची नावं आई किंवा वडिलांच्या पॉलिसीवर नोंदवावीच लागतात. इथे जन्मलेल्या बाळाचंही चार महिन्यांत. बाळ झालं की आठवडाभर एक प्रशिक्षित बाई बाळंतिणीच्या घरी येते, बाळाचं वजन करते, आईचा ताप पाहते, अंगावर पाजायला शिकवते, घरातल्या मोठ्या मुलाच्या हाती खाऊसुद्धा देते. ही सेवा मूलभूत पॉलिसीतच येते, फक्त गरोदरपणात लवकर नाव घालावं लागतं आणि तासाला थोडे पैसे आपल्याला द्यावे लागतात. ज्या बाईला नवव्या महिन्यात कळतं की आपली पॉलिसी चुकीच्या प्रकारची आहे, तिचं हे सगळं हुकतं. अशा बाया मी पाहिल्या आहेत.

चुकीच्या प्रकारची म्हणजे काय, ही तिसरी तक्रार. तुम्ही निघताना जी प्रवास विम्याची पॉलिसी हातात ठेवता, ती व्हिसासाठी ठीक आहे. परदेशस्थांसाठीच्या म्हणून ज्या आंतरराष्ट्रीय पॉलिस्या विकल्या जातात, त्या कितीही महाग असल्या तरी ज्याला इथला कायदा लागू आहे त्याच्यासाठी त्या मूलभूत विम्याच्या जागी चालत नाहीत. दोन्हीकडे पैसे भरणारे लोक आहेत. आता, सगळ्यांनाच कायदा सारखा लागू होत नाही हेही खरं. काही जण भारतातल्याच पगारावर राहून ठरावीक काळासाठी येतात. तिथे भारत आणि नेदरलँड्स यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार आणि ईपीएफओचं कव्हरेज सर्टिफिकेट (माणूस भारताच्याच सामाजिक सुरक्षेत आहे याचा दाखला) हा मुद्दा येतो, आणि इथला सक्तीचा विमा लागतो की नाही ते त्यावरून ठरतं. शंका असेल तर ‘एसव्हीबी’ ही इथली संस्था लेखी निर्णय देते. हे ज्याचं त्याने शोधायचं काम नाही. कर्मचाऱ्याला कुठल्या पगारपत्रकावर ठेवायचं हे तुम्ही ठरवता, मग त्याचा विम्यावर काय परिणाम होतो हे तुम्हीच सांगायला हवं. डेल्फ्ट, आइंडहोवनला शिकणाऱ्या ज्या मुलांना तुम्ही अर्धवेळ कामावर घेता त्यांनाही सांगा. नुसतं शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला हा विमा लागत नाही, पण पगारी नोकरी धरली, अगदी आठवड्यातले काही तास, की लागतो.

चौथी गोष्ट खर्चाची. तक्त्यात हातात येणारा पगार दाखवता त्यात हप्ता धरलेला नसतो, आणि ‘एइखन रिसिको’, म्हणजे उपचारांच्या खर्चातला स्वतः भरायचा वाटा, तर कुठेच नसतो. प्रत्येक प्रौढ माणसाला वर्षातल्या उपचारांचे पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात. २००८ मध्ये ही रक्कम १५० युरो होती, वाढत वाढत २०१६ मध्ये ३८५ वर आली. २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने २०२७ पासून ती निम्म्याहून कमी करू असं म्हटलं होतं, पण ते सरकार जून २०२५ मध्ये कोसळलं. फॅमिली डॉक्टरला भेटायला या रकमेतून काही जात नाही. पण त्याच डॉक्टरने रक्त तपासायला पाठवलं की तपासणीचे पैसे तिथून जातात, औषधांचेही जातात. आपल्या लोकांचा गोंधळ नेमका इथे होतो. डॉक्टर फुकट म्हणून जातात आणि काही आठवड्यांनी शेदीडशे युरोंचं बिल येतं. हप्ता कमी व्हावा म्हणून काही जण स्वतःहून आणखी ५०० युरोंची जबाबदारी घेतात, म्हणजे एकूण ८८५. धडधाकट माणसाला ते परवडेलही, पण घरात कोणाचा उपचार ठरलेला असेल तर तो सौदा तोट्याचा आहे, हे आधी कोणी सांगत नाही. मोठ्यांचे दात मूलभूत पॉलिसीत जवळजवळ येतच नाहीत. त्यासाठी पूरक पॉलिसी असते आणि तिथे मात्र कंपनी नकार देऊ शकते. निघण्यापूर्वी पुण्यातच दात दाखवून या, एवढं एक वाक्य तुम्ही सांगितलंत तरी कित्येकांचे पैसे वाचतील.

फॅमिली डॉक्टरकडे घराजवळ नाव नोंदवावं लागतं, त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही आणि बऱ्याच ठिकाणी डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत. तेव्हा विमा कंपनीला फोन केला तर ती डॉक्टर शोधायला मदत करते. हेही कोणाला माहीत नसतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली आहे ती सांगते.

माझी बदली डच पगारपत्रकावर झाली तेव्हा भारतातली माझी नोकरी कागदोपत्री संपली. त्याबरोबर ग्रुप मेडिक्लेम संपली, आणि त्या मेडिक्लेममध्ये माझी आई होती. हे मला कोणी सांगितलं नाही. निघण्याच्या मीटिंगमध्ये नाही, ईमेलमध्ये नाही, सह्या घेतलेल्या कागदांत नाही. आईचं नाव पॉलिसीत घातलं तेव्हाही एचआरनेच फॉर्म भरून घेतला होता, ते काढल्याचं कळवणं त्यांना जड नव्हतं. आई कोल्हापूरला भावाकडे असते. मधुमेह आणि रक्तदाब जुना. एका पहाटे छातीत दुखायला लागलं, भावाने तिला रुग्णालयात नेलं, अँजिओप्लास्टी करावी लागली. भावाने विश्वासाने कॅशलेसच्या खिडकीवर तिचं कार्ड दिलं. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या संस्थेकडून, उत्तर आलं की या सदस्याचं संरक्षण संपलेलं आहे. वहिनी आत आईजवळ, मी इथे फोनवर, आणि भाऊ बँक उघडायची वाट बघत दारात उभा, कारण एफडी मोडायची होती. आई बरी झाली. पण त्यानंतर तिच्यासाठी नवी पॉलिसी शोधताना वय आणि आजार दोन्ही आडवे आले. २०२४ च्या नियमांनंतर भारतात जुन्या आजारांसाठीचा थांबा, म्हणजे त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळेपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त तीन वर्षांचा झाला आहे, आधी तो चार वर्षांचा होता. वयाच्या कारणावरून पॉलिसीच न देण्याची जुनी अटही गेली. हे चांगलंच झालं. पण सत्तरीच्या मधुमेही बाईसाठी तीन वर्षं थोडी नाहीत, आणि तिचा आधीचा सगळा काळ वाया गेला होता.

आणि तो वाया जायची गरजच नव्हती. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वर्ग होण्याची सोय इर्डाच्या, म्हणजे भारतातल्या विमा नियामकाच्या, नियमांत आहे, आणि आधी पूर्ण केलेल्या थांब्याचा हिशोब त्यात धरतात. त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो. वेळेत अर्ज करायचा तर संरक्षण संपणार आहे हे वेळेत कळलं पाहिजे. ते कळवणं तुमच्या हातात होतं आणि आजही आहे.

परत जाणाऱ्यांचंही तेच. इथली नोंदणी रद्द करून पॉलिसी बंद करायची राहिली तर हप्ते चालू राहतात. तिकडे स्वतःची जुनी मेडिक्लेम ‘आता कशाला लागते’ म्हणून सोडून दिलेली असते, तिचा खंड पडलेला असतो. ज्यांचा पुन्हा भारतातल्या कार्यालयात रुजू व्हायचा दिवस आठ-पंधरा दिवसांनी असतो, ती कुटुंबं मधल्या काळात कुठल्याच देशाच्या विम्यात नसतात.

तुमच्यावर सगळ्या आजारपणांचा भार टाकावा असं माझं म्हणणं नाही. इथला हप्ता तुम्ही भरा असंही म्हणत नाही. माझ्या मागण्या या आहेत :

१. तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याला एक लेखी पत्र द्या : तू कुठल्या देशाच्या पगारपत्रकावर असणार, इथला सक्तीचा विमा तुला लागू आहे की नाही, आणि असेल तर चार महिन्यांची मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, ज्या भाषेत त्याच्या घरचे वाचतील त्या भाषेत.

२. तक्त्यातला ‘कव्हर्ड’ हा शब्द काढा. त्याजागी दोन प्रौढांचे मासिक हप्ते आणि माणशी ३८५ युरो खर्च म्हणून दाखवा. मग पगार पुरतो की नाही हे ज्याचं तो ठरवेल.

३. बरोबर येणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला त्या मीटिंगला बोलवा. पॉलिसी त्यांच्याही नावाची असते, दंडही त्यांच्या नावावर येतो.

४. ग्रुप मेडिक्लेम कुठल्या दिवशी संपते, तिच्यात आज कोणाकोणाची नावं आहेत, आणि आईवडिलांना वैयक्तिक पॉलिसीत वर्ग करायचं असेल तर कुठल्या तारखेआत काय करायचं, हे बदलीच्या पत्रातच लिहा. किमान दोन महिने आधी. शक्य असेल तर कर्मचाऱ्याच्या खर्चाने का होईना, पण आईवडिलांना ग्रुपमध्येच राहू द्या.

५. परत येणाऱ्याला भारतात उतरल्या दिवसापासून संरक्षण द्या. रुजू होण्याच्या तारखेची वाट बघू नका.

६. कार्यालयात असा एक माणूस नेमा जो सीएकेचं पत्र ओळखतो. आज ते काम माझ्यासारखे लोक रविवारी करतात. आम्ही ते करत राहू, पण पगार घेऊन ते करायचं काम तुमचं आहे.

आणि जे आत्ता बॅगा भरत आहेत त्यांना : या पत्रातल्या पहिल्या आणि चौथ्या मागणीचं उत्तर तुमच्या एचआरकडून लेखी आल्याशिवाय बदलीच्या कागदावर सही करू नका. तोंडी आश्वासन घेऊ नका. उत्तर मिळालं नाही तर तसं इथल्या आपल्या मंडळींना कळवा, पुढे येणाऱ्याला ते सांगता येईल.

कंपन्यांनी आपलं उत्तर मला खासगीत पाठवू नये. नवा तक्ता तयार करून तो जाहीर करावा. नोव्हेंबरच्या १२ तारखेपर्यंत इथल्या विमा कंपन्यांना पुढच्या वर्षाचे हप्ते जाहीर करावेच लागतात. त्या आठवड्यात तुमचा तक्ताही अद्ययावत व्हावा, दरवर्षी.

कळावे,

आमस्टलफेनमधली एक बदलीवर आलेली कर्मचारी